दसऱ्याचं सोनं: आपटा आणि शमी ओळखायची, तोडायची आणि बांधावर वाढवायची कशी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बाजारात झेंडूच्या ढिगांशेजारी पानांनी भरलेल्या फांद्यांचे भारे येऊन पडतात. 'आपटा' म्हणून विकल्या जाणाऱ्या या भाऱ्यांत कितीतरी फांद्या कांचनाच्या असतात. आपट्याच्या असल्या, तरी त्या झाडावरून ओरबाडून आणलेल्या असतात. शमीचं तर विचारूच नका. वेड्या बाभळीची डहाळी शमी म्हणून पूजेच्या ताटात सर्रास जाते. खरं झाड ओळखता आलं, चार पानं नीट काढता आली आणि गावाच्या शिवेवर एक आपटा नि एक शमी उभी करता आली, तर बाजारात जायचं कारणच उरत नाही.

आपटा की कांचन?

आपट्याचं पान लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं. ही एक खूण पक्की धरा. लांबी साधारण 2 ते 5 सेंटिमीटर आणि रुंदी त्याहून थोडी जास्त, म्हणजे अख्खं पान दोन-तीन बोटांवर मावतं. शेंड्याकडून पडलेली चीर वरच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच येते. कांचनाचं पान तळहाताएवढं होतं, लांबीला रुंदीइतकं किंवा जास्तच असतं आणि चीर बरीच खोल जाते.

मग पान उलटं करून अंगठ्याने चोळून बघा. आपट्याचं पान जाड आणि चिवट असतं, खालची बाजू करडी नि खरखरीत लागते. देठापासून सात ते नऊ शिरा पंख्यासारख्या पसरलेल्या दिसतात. कांचनाचं पान पातळ आणि मऊ असतं, दुमडलं की लगेच चुरगळतं.

पानावरून शंका राहिली तर झाडाकडे बघा. दसऱ्याच्या सुमारास झाडावर मोठी जांभळी-गुलाबी फुलं असतील तर तो कांचनच, कारण जांभळा कांचन सप्टेंबर ते नोव्हेंबरात फुलतो. आपट्याला फुलं उन्हाळ्यात येतात. ती बारीक, पिवळसर पांढरी असतात आणि फांदीच्या टोकाला तुऱ्याने लागतात. दसऱ्याला आपट्यावर फूल दिसत नाही, पण गेल्या हंगामाच्या काळपट, कोयत्यासारख्या वाकड्या शेंगा बऱ्याचदा लोंबत असतात. त्या आपोआप तडकत नाहीत, म्हणून महिनोन् महिने झाडावर राहतात. खोड वाकडंतिकडं, साल काळपट आणि उभ्या भेगांची, फांद्या खाली झुकलेल्या. अंगाने हे झाड देखणं नाही, आणि त्यामुळेच बांधावर असलं तरी कुणाच्या नजरेत भरत नाही.

शमी, आणि शमी म्हणून विकलं जाणारं बाकी सगळं

शमीला मराठीत सौंदडही म्हणतात. हिच्याबाबत फसगत जास्त होते, कारण बारीक पानांची काटेरी झाडं आपल्या शिवारात भरपूर. इथे काट्यांपासून सुरुवात करा. शमीचे काटे लहान, सरळ, बुडाशी रुंद असतात आणि फांदीवर विखुरलेले असतात. पान जिथून फुटतं त्या पेऱ्यावर जोडीने येत नाहीत, दोन पेऱ्यांच्या मधल्या भागावर कुठेही उगवतात. वेड्या बाभळीचे काटे लांब, दणकट आणि नेमके पेऱ्यावर असतात. गावठी बाभळीचे तर पांढरट, लांब आणि जोडीने, ते सगळ्यांच्या ओळखीचे.

काट्यावरून ठरलं नाही तर फूल आणि शेंग. शमीचं फूल पिवळसर, बोटासारख्या बारीक कणसात, मार्च ते मेच्या दरम्यान. शेंग लांब, बारीक, कोवळेपणी हिरवी, हीच राजस्थानातली सांगरी. वेड्या बाभळीची शेंग जाड, गरदार आणि पिकली की पिवळी. गावठी बाभळीला पिवळे गोल गोंडे. आणि लोंबत्या कणसाचा अर्धा भाग गुलाबी, अर्धा पिवळा दिसला, खाली वळलेल्या शेंगांचा गुंता असला, तर ती सिगमकाठी. रोपवाटिकेत हीसुद्धा शमीच्या नावाने हातात पडते. कुंडीतल्या लहान रोपाला फूल-शेंग नसते, म्हणून रोप घेताना काटेच तपासा.

शमीच्या पूजेच्या एका पाठात तिला 'लोहितकण्टका' म्हटलंय, म्हणजे तांबूस काट्यांची. झाडाची खूण मंत्रातच बांधून ठेवायची ही रीत फार शहाणपणाची आहे, आणि ती आपल्यापुरती नाही. ज्यू लोकांच्या सुक्कोत सणात ज्या चार वनस्पती हातात धरतात, त्यांत वाळुंजाच्या कुळातली एक फांदी असते. त्यांच्या तालमुद या धर्मग्रंथात खऱ्या झाडाची लक्षणं दिलेली आहेत: डहाळी तांबूस, पान लांबट, कडा गुळगुळीत. डहाळी पांढरी, पान गोल आणि कडा विळ्यासारखी दातेरी असली, तर ती फांदी चालत नाही. दोन्हीकडे अपेक्षा एकच: पूजा करणाऱ्याला झाड ओळखता आलं पाहिजे.

खरं झाड मिळालंच नाही तर

बदली झाड शास्त्राला मान्य आहे. धर्मसिंधूत दसऱ्याला शमीपूजन सांगितलंय आणि शमी नसेल तिथे अश्मंतकाची, म्हणजे आपट्याची पूजा करावी असं आहे. म्हणजे ज्या आपट्याला आपण मुख्य समजतो, तो मुळात शमीच्या जागी आलेला. पोलंड आणि रशियातही हेच झालं. ईस्टरआधीच्या रविवारी चर्चमध्ये खजुराच्या झावळ्या न्यायच्या, पण तिकडच्या थंडीत खजूर कुठला? म्हणून लोक वाळुंज-कुळातल्या झाडाच्या मखमली कळ्यांच्या डहाळ्या नेतात.

तेव्हा दारात कांचनच असेल तर त्याची पाच पानं घ्या आणि कांचन म्हणूनच द्या. सोनं म्हणून द्यायला ती चालतील. आपटा हवाच म्हणून दुसऱ्याच्या बांधावरचं झाड बोडकं करून आणलेला भारा मात्र कुणाच्याच देवाला चालू नये.

पूजेची वेळ आणि कृती

विजयादशमीची पूजा अपराण्हात करायची असते. दिवसाचे, म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे, पाच समान भाग केले की चौथा भाग तो अपराण्ह. ऑक्टोबरात खान्देशात सूर्य सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान उगवतो आणि सहा-सव्वासहाला मावळतो. त्या हिशेबाने एक भाग जवळजवळ 2 तास 20 मिनिटांचा होतो आणि अपराण्ह साधारण दुपारी दीड ते पावणेचार असा येतो. विजय मुहूर्त याच्या आत, अंदाजे सव्वादोन ते तीन. नेमकी मिनिटं त्या वर्षीच्या पंचांगात बघा. पण अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन झाड शोधायला निघणं म्हणजे वेळ टळून गेली असं समजा.

परंपरेने गावाच्या ईशान्येला असलेल्या झाडाकडे जातात. हेच सीमोल्लंघन. सोबत पाण्याचा तांब्या, हळद-कुंकू, अक्षता, फुलं, एक सुपारी, एक नाणं आणि मूठभर तांदूळ असू द्या. आधी बुंध्याभोवतीची जागा झाडून घ्या, पाणी शिंपडा. हळद-कुंकू खोडाला लावताना बोटाने टिकला पुरे. तेल किंवा शेंदूर सालीला थापू नका आणि अगरबत्ती सालीच्या भेगेत खोचू नका, वाळलेल्या सालीला धग लागते. बुंध्याशी तांदूळ, सुपारी, नाणं ठेवून हात जोडायचे. आपट्याला म्हणायचा पारंपरिक श्लोक असा:

अश्मन्तक महावृक्ष महादोषनिवारण ।
इष्टानां दर्शनं देहि कुरु शत्रुविनाशनम् ॥

नंतर प्रदक्षिणा करायची, मुळाजवळची चिमूटभर माती आणि थोडी पानं घेऊन घरी यायचं. ही माती आजकाल लोक विसरतात. खरं तर रक्षणाचा भाव मातीतच धरलेला आहे, पानं तिच्या जोडीला. ती देवघरात किंवा धान्याच्या कोठीजवळ ठेवतात.

यामागच्या दोन कथा घरातल्या पोरांना झाडाखालीच सांगाव्यात. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी मोहरा मागायला रघुराजाकडे गेला. विश्वजित यज्ञात राजाने सगळं दान करून टाकलेलं होतं, म्हणून तो कुबेरावर चाल करायला निघाला, आणि कुबेराने सोन्याचा पाऊस पाडला. लोककथेत हा पाऊस आपट्यावर पडतो, म्हणून त्याची पानं सोनं. दुसरी कथा विराटपर्वातली. अज्ञातवासाला निघताना पांडवांनी शस्त्रं शमीवर लपवली. काटेरी, दाट, स्मशानाजवळचं झाड, त्यावर कोण चढणार? शस्त्रपूजा आणि शमीपूजा एकाच दिवशी येण्यामागे हे नातं आहे. यज्ञासाठी अग्नी मंथून काढायची अरणीसुद्धा शमीवर उगवलेल्या पिंपळाच्या लाकडाची करायची प्रथा होती, कारण अग्नी शमीत लपला असं मानतात.

घरी आल्यावर पहिलं पान देवाला, मग नांगर, तिफण, कुदळ, विळा अशा अवजारांना, मग घरातल्या वडीलधाऱ्यांना. आजी-आबांच्या, गल्लीतल्या जिभाऊ-बापूंच्या पाया पडून पान हातात द्यायचं, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हणायचं. घटातलं धान टोपीत खोचायचं असेल तर तेही याच वेळी.

पानं काढायची कशी

एका घराला किती पानं लागतात? देवाचं एक, अवजारांची चार-पाच, देण्याघेण्याची दहा-पंधरा. 21 पानांत साधारण घर भागतं. एवढ्यासाठी फांदी तोडायची गरजच पडत नाही.

धारदार कात्री घ्या आणि पान देठाशी कापा. हाताने खेचू नका, कारण आपट्याची अंतरसाल वाखासारखी आहे, पूर्वी तिचे दोर वळत. डहाळी पिळून ओढली की ती तुटत नाही. तिच्यासोबत सालीची पट्टी सोलत खाली येते, कधी मुख्य फांदीपर्यंत, कधी खोडापर्यंत. आत लालसर ओलं लाकूड उघडं पडतं, परतीच्या पावसाचं पाणी त्यात मुरतं, बुरशी धरते, खोडकिडा शिरतो. पुढच्या वर्षी ती फांदी वाळलेली दिसते आणि लोक म्हणतात झाडाला नजर लागली.

पानं खालच्या, आतल्या फांद्यांवरून आणि वेगवेगळ्या बाजूंनी घ्या. शेंड्याची फूट सोडून द्या, पुढच्या वर्षीची वाढ तिथून होते. पुरुषभर उंचीपेक्षा लहान झाडाला तर हातच लावू नका.

सूर्यास्तानंतर पान तोडू नये, झाड झोपतं, असं जुनी माणसं सांगतात. आपट्याजवळ तिन्हीसांजेला उभं राहून बघा. दिवसभर पसरलेल्या पानाच्या दोन पाकळ्या मधल्या शिरेवर हळूहळू उभ्या होतात आणि मिटलेल्या पुस्तकासारख्या एकमेकींना टेकतात. जुन्यांनी हे बघूनच म्हटलेलं आहे. व्यवहारातही फायदा आहे: सकाळी किंवा दुपारी काढलेलं पान सपाट राहतं आणि हातात द्यायला नीट दिसतं.

काढलेली पानं ओल्या सुती फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवली की दोन दिवस ताजी राहतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली तर त्यांना घाम सुटतो आणि सकाळपर्यंत काळे डाग पडतात.

एक कायद्याची गोष्ट. यावल, अनेर धरण, गौताळा ही अभयारण्यं आहेत. तिथून आणि कुठल्याही राखीव वनातून परवानगीशिवाय फांद्या आणायच्या नाहीत. दुसऱ्याच्या बांधावरचं झाड असेल तर मालकाला विचारा. दसऱ्याच्या दिवशी नाही म्हणणारा शेतकरी सहसा भेटत नाही.

बियांपासून आपटा

फांदीचं कलम लावण्याच्या भानगडीत पडू नका, बियाणं सोपं आणि भरवशाचं. हिवाळा संपता संपता झाडावरच्या काळ्या, कडक वाळलेल्या शेंगा काढा. त्या स्वतः उकलत नाहीत, पोत्यात घालून लाकडी दांड्याने हलक्या हाताने बडवा. निघालेल्या बिया नीट बघा. बारीक गोल भोक असलेली बी भुंग्याने आतून खाल्लेली असते, ती फेका. उरलेल्या पाण्यात टाका, तरंगणाऱ्या पोकळ असतात.

बीचं कवच इतकं टणक की तसंच पेरलं तर काही बिया दहा दिवसांत येतात आणि काही पुढच्या वर्षीपर्यंत निजून राहतात. उपाय साधा. बियांच्या पाचपट पाणी उकळा, गॅसवरून उतरवा, मिनिटभर थांबा आणि मग बिया टाका. त्या पाण्यातच 24 तास राहू द्या. गॅसवर उकळत्या पाण्यात बिया शिजवल्या तर कोंब मरतो, ही चूक फार होते. दुसऱ्या दिवशी फुगलेल्या बिया पेरायला घ्या. न फुगलेल्यांना डोळ्याच्या विरुद्ध टोकाला नखकटरने बारीक चीर द्या आणि पुन्हा भिजवा.

पिशवीत दोन भाग पोयटा, एक भाग वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. निव्वळ काळी माती भरू नका. पाणी दिलं की ती चिखल होते, वाळली की आवळते आणि कोवळं मूळ तुटतं. दोन बिया एक-दीड सेंटिमीटर खोल पेरा. आठ ते पंधरा दिवसांत उगवण दिसते, मग जोमदार रोप ठेवून दुसरं कापून टाका.

आपटा पहिल्या वर्षी हळू वाढतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरलेलं रोप त्याच पावसाळ्यात शेतात लावलं तर गवत त्याला गिळतं. मोठ्या पिशवीत बदलून ते दुसऱ्या वर्षीच्या जुलैपर्यंत सांभाळा. दर महिन्याला पिशव्या उचलून जागा बदला, नाहीतर मूळ पिशवी फोडून जमिनीत जातं आणि लावताना नेमकं तेच तुटतं.

शमीचं वेगळं

शमीचं सोटमूळ वरच्या वाढीच्या कितीतरी पुढे धावतं. त्यामुळे पिशवीत फार दिवस ठेवलं की मूळ बुडाशी गोल फिरतं. असं झाड पाच-सहा वर्षं बरं दिसतं आणि मग एखाद्या वादळात आडवं होतं. म्हणून शमी थेट बांधावर पेरणं सगळ्यात चांगलं. मे-जूनमध्ये पिकलेल्या शेंगांतलं बी 24 तास साध्या पाण्यात भिजवा आणि पहिला चांगला पाऊस झाला की एका जागी तीन-चार बिया, दोन सेंटिमीटर खोल टाका. पिशवीत करायचीच असेल तर उंच, निमुळती पिशवी घ्या आणि रोप वितीएवढं झालं की लावून टाका.

चोपण किंवा हलक्या जमिनीतही ती तग धरते, आणि तिची सावली विरळ असल्याने बांधालगतचं पीक मार खात नाही. राजस्थानातले शेतकरी पिकातच हे झाड राखतात ते याच कारणाने. पाणी साचणारी जागा मात्र टाळा.

घराच्या गॅलरीत कुंडीत शमी ठेवायची फार चाल पडली आहे. ठेवायचीच तर कुंडी निदान 16 इंची, तळाला मोठी भोकं, रोज सहा तास कडक ऊन, आणि माती बोटभर खोल वाळल्यावरच पाणी. पानं पिवळी पडून गळाली की लोक आणखी पाणी घालतात आणि रोप मुळाशी सडतं. गणपतीच्या 21 पत्रींत शमी आहे, तेवढी चार पानं अशी कुंडी सहज देते. परंपरेने मात्र तिची जागा शिवेवर, उघड्या रानात सांगितली आहे आणि झाडाच्या स्वभावालाही तीच मानवते.

लावणी आणि पहिले दोन उन्हाळे

खड्डा मे महिन्यात घ्या, दीड फूट लांब, तेवढाच रुंद आणि खोल. पंधरा दिवस ऊन खाऊ द्या. भरताना मातीत पाच किलो शेणखत आणि वाळवीसाठी पावशेर निंबोळी पेंड मिसळा. तापीकाठच्या भारी काळ्या जमिनीत दोन घमेली मुरूम घाला आणि रोप जमिनीपासून वीतभर उंच मातीच्या उंचवट्यावर लावा, कारण अशा जमिनीत रोपं पावसाळ्यात पाणी तुंबून जास्त मरतात. पिशवी कापून काढा, मातीचा गोळा फुटू देऊ नका.

मग जळगाव-भुसावळचा उन्हाळा. पारा 45 अंशांच्या आसपास जातो, काळी माती भेगाळते आणि भेग थेट मुळापर्यंत पोचते. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा 10 ते 15 लिटर पाणी सावकाश द्या. रोज तांब्याभर पाणी घातलं तर मुळं वरच्या थरातच राहतात आणि पाणी बंद केल्यावर झाड वाळतं. आळ्यात केळीच्या वाळक्या पानांचं आच्छादन वीतभर जाड घाला, खोडापासून चार बोटं दूर. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, वापरू नका, वाळक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी राहते आणि ती तुमच्याच कपाशीवर येते.

सगळ्यात मोठा शत्रू शेळी. दोन्ही झाडांचा पाला तिला फार आवडतो. बाभळीच्या काट्यांचं कुंपण तीन वर्षं हलवू नका, दर पावसाळ्याआधी नवे काटे भरा.

शेंडा शेळीच्या तोंडाच्या वर गेला आणि खोड मनगटाएवढं झालं की पूजा सुरू करा, पानं मात्र आणखी एखादं वर्ष थांबून घ्या. दसरा झाल्यावर घरात जमलेली पानं निर्माल्याच्या प्लॅस्टिक पिशवीत भरून तापीत किंवा गिरणेत सोडू नका. एक पान तिजोरीत ठेवा आणि बाकीची त्याच आपट्याच्या आळ्यात पसरून वर ओंजळभर माती घाला.